इंग्रजी व्याकरणांतील लुटुपुटीच्या लढाया

आपल्याकडील नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य समजावें म्हणून करावयाची ती चर्चा म्हणजे वाद. समोरच्याला हरवावें एवढ्याच हेतूनें करावयाची तो जल्प. आणि स्वतःचें कांहींच मत न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडून काढावयाचें, ती वितंडा. इंग्लंड व अमेरिका या देशांत इंग्रजी व्याकरणावरून आणि शब्दांच्या अर्थांवरून गेलीं साडेतीनशें वर्षें जीं भांडणें चाललीं आहेत, तीं या तिहींपैकीं कोणत्या सदरांत घालावीं हें सांगणें कठीण आहे. त्यांत सत्याची चाड आहे, विजयाची हौस आहे, आणि निव्वळ खोडी काढण्याची ऊर्मिहि आहे. धर्मगुरु, नाटककार, शेतकऱ्याचा मुलगा, न्यायाधीश, कादंबरीकार, मालमोटारी हांकणारे कामगार, अशा नाना तऱ्हेच्या लोकांनीं या लढाया लढल्या आहेत.

मौज म्हणून त्या पाहाव्यातच. परंतु त्या मौजेच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. भाषेवर सत्ता कोणाची? नियम लिहिणाऱ्याची, तोंडानें ती बोलणाऱ्याची, कीं ज्याच्या घरांत ती जन्मली त्याची? पुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असणें अगत्याचें आहे. कारण चूक होईल या धाकानें भर सभेंत गप्प बसणारा सुशिक्षित मनुष्य आपल्या समाजांत अजून दुर्मिळ झालेला नाहीं.

प्रथम, हीं भांडणें इंग्रजींत एवढीं कां माजलीं तें पाहूं. फ्रेंच भाषेला १६३५ सालापासून एक अकादमी आहे. शब्दांचा निवाडा करण्यासाठीं राजसत्तेनेंच ती स्थापन केली. इंग्रजीला असें न्यायासन कधींच मिळालें नाहीं. तें मिळावें म्हणून ‘गलिव्हर’च्या सफरी लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टनें १७१२ सालीं राज्याच्या कोषाध्यक्षाला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलें. इंग्रजी भाषा दिवसेंदिवस बिघडत चालली आहे, तरी जाणत्या लोकांची एक सभा नेमून ती कायमची स्थिर करावी, असें त्याचें मागणें होतें. त्यापूर्वीं दोनच वर्षें त्यानें ‘मॉब’ आणि ‘बँटर’ या दोन नव्या शब्दांवर शस्त्र उपसलें होतें. ‘मॉब’ म्हणजे बेफाम जमाव. हा शब्द एका लॅटिन शब्दप्रयोगाचा तोडून काढलेला तुकडा होता, आणि तसली मोडतोड स्विफ्टला असह्य वाटे. पुढें झालें काय? सभा नेमली गेली नाहीं. आणि ‘मॉब’ व ‘बँटर’ हे दोन्ही शब्द आज कोणत्याहि प्रतिष्ठित लेखांत निर्वेधपणें वावरतात. १७५५ सालीं आपला प्रचंड कोश प्रसिद्ध करतांना डॉक्टर सॅम्युएल जॉन्सननें प्रस्तावनेंत कबूल केलें कीं, भाषा स्थिर करण्याची उमेद आपण बाळगली होती खरी, पण अनुभवानें ती फोल ठरली. अशा रीतीनें न्यायासन रिकामें राहिलें, आणि ज्याला वाटेल त्यानें त्यावर घटकाभर बसून निकाल द्यावा, अशी मुभा सर्वांनाच मिळाली.

त्यांतला एक जुना निकाल कवि ड्रायडन याचा. इंग्रजींत ‘इन’, ‘टु’, ‘विथ’ अशीं जीं अव्ययें आहेत त्यांना ‘प्रिपोझिशन’ म्हणतात. म्हणजे शब्दशः ‘आधीं ठेवलेला’ शब्द. आपल्या मराठींत अशीं अव्ययें नामाच्या नंतर येतात; आपण ‘घरावर’, ‘घरापुढें’ म्हणतों. इंग्रजींत तीं नामाच्या आधीं येतात. परंतु बोलण्याच्या ओघांत पुष्कळदां तीं वाक्याच्या अगदीं शेवटीं जाऊन बसतात. ‘ज्या घरांत मी राहतों तें घर’ एवढें सांगावयाला इंग्रज मनुष्य सहज ‘द हाउस आय लिव्ह इन’ असें म्हणतो. १६७२ सालीं ड्रायडननें बेन जॉन्सन या आपल्या पूर्वसूरीवर टीका करतांना, अव्यय शेवटीं टाकणें हा त्याच्या लेखनांतील एक दोष म्हणून दाखविला. बेन जॉन्सन त्यापूर्वीं पस्तीस वर्षें निवर्तला असल्यामुळें उत्तर देण्यास कोणी नव्हतें. ड्रायडनचा प्रामाणिकपणा असा कीं, हाच दोष आपल्याहि लेखनांत आहे हें त्यानें तेथेंच मान्य केलें. आणि १६८४ सालीं स्वतःच्या नाट्यविषयक निबंधाची नवी आवृत्ति काढतांना तसलीं वाक्यें शोधून शोधून दुरुस्त केलीं.

पुढें १७६२ सालीं रॉबर्ट लोथ या धर्मगुरूनें इंग्रजीचें एक छोटेखानी व्याकरण लिहिलें. शेक्सपिअर, मिल्टन, पोप, इतकेंच नव्हे तर बायबलचे भाषांतरकार, यांच्याहि चुका त्यानें तळटिपांतून दाखविल्या. शेवटच्या अव्ययाविषयीं मात्र त्याचा निकाल सौम्य होता. बोलण्यांत व साध्या लेखनांत हें चालतें, गंभीर लेखनांत अव्यय आधीं असलेलें अधिक शोभतें, एवढेंच तो म्हणाला; आणि इंग्रजी भाषेचा या लकबीकडे फार ओढा आहे, हें सांगणारें त्याचें वाक्यच त्यानें अव्ययावर संपविलें! गुरूनें डोळे मिचकावून सांगितलेली ही गोष्ट शिष्यांनीं मात्र कपाळाला आठ्या घालून पाठ केली, आणि पुढें दीडशें वर्षें शाळाशाळांतून ‘वाक्य अव्ययावर संपवूं नये’ ही आज्ञा दुमदुमत राहिली. या आज्ञेची टर उडविणारी एक कोटी प्रसिद्ध आहे. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणें. त्यांतलीं दोन्ही अव्ययें ओढून पुढें आणलीं, म्हणजे ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ असा एक विचित्र प्राणी तयार होतो, आणि नियमाची शोभा त्याची त्यालाच दिसते. ही कोटी सर्रास विन्स्टन चर्चिलच्या नांवावर सांगतात. परंतु १९४२ सालींच ती एका निनांवी लेखकाच्या नांवावर छापली गेली होती. चर्चिलचें नांव तिला मागाहून चिकटलें. विनोदालाहि वजनदार मालक लागतो, एवढाच याचा अर्थ.

दुसरी लढाई ‘टु’ या चिमुकल्या शब्दाची. इंग्रजींत ‘जाणें’ याला ‘टु गो’ म्हणतात. या रूपाचें नांव इन्फिनिटिव्ह. ‘एकाएकीं जाणें’ असें म्हणतांना ‘एकाएकीं’ हा शब्द ‘टु’ आणि ‘गो’ यांच्या मध्यें घालावा कीं घालूं नये, यावरून जेवढी शाई सांडली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून सांडली असेल. कँटरबरीचा डीन हेन्री आल्फर्ड यानें १८६४ सालीं ‘राणीची इंग्रजी’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक काढलें. त्यांत, ही पद्धत इंग्रज लेखक-वक्त्यांना अगदीं अपरिचित आहे असें त्यानें बजावलें. वस्तुतः चौदाव्या शतकापासून तिचीं उदाहरणें सांपडतात. पण डीनसाहेबांची खरी फजिती वेगळ्याच बाजूनें झाली. वॉशिंग्टन मून नांवाच्या गृहस्थानें ‘डीनची इंग्रजी’ अशा नांवाचें उलट पुस्तक छापून, शुद्ध भाषेचा उपदेश करणाऱ्या या ग्रंथांतल्याच चुका वेंचून दाखविल्या. डीननें एका उताऱ्यांत सर्वनामांची अशी कांहीं गर्दी केली होती कीं, मूनच्या हिशेबाप्रमाणें तो दहा हजारांहून अधिक प्रकारें वाचतां येत होता. हिशेब करण्याइतका वेळ मूनला मिळाला, हें त्या काळाचें भाग्य म्हणावयाचें.

तेव्हांपासून या रणांगणावर मोठमोठे योद्धे उतरले. एका वृत्तपत्रीय टीकाकारानें फोडलेल्या इन्फिनिटिव्हविषयीं कुरकुर केली, तेव्हां बर्नार्ड शॉनें १८९२ सालीं संपादकाला लिहिलें कीं, या गृहस्थाला नोकरींतून काढून टाका. मात्र ‘एकाएकीं’ हा शब्द तीन जागांपैकीं कोठें ठेवून जावें, याचें पूर्ण स्वातंत्र्य त्याला द्या. रहस्यकथालेखक रेमंड चँडलर यानें जानेवारी १९४७ मध्यें ‘अटलांटिक मंथली’च्या संपादकामार्फत तेथील मुद्रितशोधकाला निरोप धाडला कीं, आपण इन्फिनिटिव्ह फोडतों तो फुटलेला राहावा म्हणूनच फोडतों, त्याला सांधण्याचे उपकार नकोत. आणि या सर्वांवर कळस चढविला तो हेन्री फाउलरनें. १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगकोशांत त्यानें इंग्रज समाजाचे पांच वर्ग केले: इन्फिनिटिव्ह फोडणें म्हणजे काय हें ठाऊक नसलेले व त्याची पर्वा न करणारे, ठाऊक नसूनहि पर्वा करणारे, ठाऊक असून निषेध करणारे, ठाऊक असून पाठिंबा देणारे, आणि ठाऊक असून तारतम्य राखणारे. यांपैकीं पहिला वर्ग सर्वांत मोठा व सर्वांत सुखी, असा त्याचा अभिप्राय होता. दुसऱ्या वर्गाचें चित्र मात्र आपणांस ओळखीचें वाटेल: नियम कशासाठीं हें माहीत नाहीं, पण मोडला तर आपली लाज जाईल या भीतीनें वाक्यें वेडीवांकडी करणारा तो वर्ग.

या दोन्ही नियमांतली एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ते मोडल्यानें अर्थाची यत्किंचितहि हानि होत नाहीं. घरांत राहणारा घरांतच राहतो, आणि जाणारा एकाएकींच जातो. मग लोक यांसाठीं एवढे कां झगडतात? कारण व्याकरण हें पुष्कळदां केवळ अर्थाचें साधन नसतें. तें दारावरचा पहारेकरीहि असतें. आंत कोणाला घ्यावें आणि बाहेर कोणाला ठेवावें, याची खूण म्हणून नियम राबविले जातात.

ही गोष्ट विल्यम कॉबेट या शेतकऱ्याच्या मुलानें पुरतेपणीं ओळखली होती. १७८४ सालीं तो साधा शिपाई म्हणून पलटणींत भरती झाला. तेथें त्यानें लोथचें व्याकरण उतरून काढलें आणि तोंडपाठ केलें. पहाऱ्यावर उभा असतांना तो तें घोकीत असे. पुढें तो इंग्लंडांतील एक अत्यंत प्रखर पत्रकार झाला, तुरुंगांतहि जाऊन आला, आणि १८१८ सालीं अमेरिकेंत असतांना त्यानें स्वतःचें व्याकरण प्रसिद्ध केलें. मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें तें रचलें असून, शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगर धरणारे पोर यांच्यासाठीं तें आहे असें त्यानें पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच जाहीर केलें. अशुद्ध वाक्यांचे नमुने त्यानें कोठून घेतले असतील? राजाच्या पार्लमेंटपुढील भाषणांतून आणि मंत्र्यांच्या खलित्यांतून! ज्या व्याकरणाच्या जोरावर वरच्या वर्गानें गोरगरिबांना अडाणी ठरविलें होतें, तेंच व्याकरण त्यानें त्या वर्गाच्या अंगावर उलटविलें. हा विनोद होता. पण ज्याला मताचा हक्क नाहीं अशा माणसाच्या हातीं तें एक शस्त्रहि होतें.

याहून जुनी आणि अधिक जिव्हाळ्याची गोष्ट ‘यू’ या शब्दाची. सतराव्या शतकापर्यंत इंग्रजींतहि आपल्यासारखाच ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ असा भेद होता: एकट्याला ‘दाउ’, अनेकांना ‘यू’, आणि मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, आदरानें ‘यू’. जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनीं हा आदर नाकारला. देवापुढें सर्व मनुष्यें सारखीं. मग एका माणसाला अनेकवचन कां लावावें, असा त्यांचा प्रश्न होता. १६६० सालीं फॉक्स आणि त्याचे सहकारी यांनीं एक जाडजूड ग्रंथच छापला, आणि नाना भाषांतील एकवचन-अनेकवचनांचे दाखले देऊन सिद्ध केलें कीं, एकट्याला ‘यू’ म्हणणें हें व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे. व्याकरणाच्या बाजूनें पाहतां त्यांचें म्हणणें बिनतोड होतें. परंतु न्यायाधीशाला किंवा जमीनदाराला ‘दाउ’ म्हटल्याबद्दल त्यांना शिव्या खाव्या लागल्या आणि मारहि सोसावा लागला. ज्या घरांत वडिलांना ‘अहो’ म्हणावें कीं ‘अरे’ यावरून कधीं तरी बोलाचाली झाली आहे, त्या घराला हें भांडण नुसतें व्याकरणाचें नव्हतें हें सांगावें लागणार नाहीं. शेवटीं विजय कोणाचा झाला? शुद्ध व्याकरणाचाहि नाहीं आणि जुन्या मानपानाचाहि नाहीं. बोलणाऱ्यांनीं ‘दाउ’ टाकूनच दिला, आणि राजापासून रंकापर्यंत सर्वांना एकच ‘यू’ लावला. समता आली खरी. पण क्वेकरांनीं दाखविलेल्या वाटेनें न येतां अगदीं उलट वाटेनें आली.

आतां आपल्या शाळेंतल्या एका जुन्या दुखण्याकडे वळूं. भविष्यकाळीं ‘शॅल’ केव्हां आणि ‘विल’ केव्हां? हा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञानें १६५३ सालीं आपल्या लॅटिनमध्यें लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत मांडला. प्रथमपुरुषीं ‘शॅल’ म्हणजे साधें भविष्य व ‘विल’ म्हणजे निश्चय. द्वितीय व तृतीय पुरुषीं ‘विल’ म्हणजे साधें भविष्य आणि ‘शॅल’ म्हणजे हुकूम, असा त्याचा पुढें रूढ झालेला सारांश आहे. यावर इंग्रज लोक एक गोष्ट सांगत. एक आयरिश मनुष्य नदींत पडला आणि ओरडला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ बिचाऱ्याला म्हणावयाचें होतें, ‘मी बुडतों, मला कोणी वाचविणार नाहीं.’ पण नियमाप्रमाणें अर्थ झाला, ‘मी बुडणारच, खबरदार मला कोणी वाचवाल तर!’ कांठावरचे लोक व्याकरणांत पक्के असल्यामुळें त्यांनीं त्याची इच्छा मोडली नाहीं.

ही गोष्ट हंसण्यासाठीं आहे. पण ती कोणाला हंसते तें पाहा. आयरिश, स्कॉटिश, अमेरिकन, हे सर्व ‘विल’ सरसकट वापरीत. नियम पाळणारा काय तो दक्षिण इंग्लंडांतला सुशिक्षित मनुष्य. १९०६ सालच्या ‘किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकांत फाउलर बंधूंनीं या दोन शब्दांवर पानेंच्या पानें खर्च केलीं. पण आरंभींच त्यांनीं मान्य केलें कीं, दक्षिणेकडील इंग्रजांना हा प्रयोग जन्मतःच येतो आणि तेथें न जन्मलेल्याला तो साधणें जवळजवळ अशक्य आहे. जो नियम शिकून येत नाहीं, जन्मानेंच यावा लागतो, त्याला नियम म्हणावें कीं कुळी? १९२५ सालीं चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन संशोधकानें कित्येक शतकांतील इंग्रजी नाटकें चाळून ‘शॅल’ व ‘विल’ यांची प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हां पुस्तकांतला हा नियम प्रत्यक्ष बोलण्याशीं जुळत नाहीं असें आढळून आलें. तरीहि १९३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतील शाळांसाठीं रेन व मार्टिन यांचें जें व्याकरण निघालें, त्यांतून आणि त्याच्या आधींच्या क्रमिक पुस्तकांतून तो आपल्या पिढ्यान् पिढ्यांनीं घोकला. या जोडींतले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारे आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेले गृहस्थ. मालकांनींच घरांतून बाहेर काढलेलें सामान पाहुण्यानें अदबीनें जपून ठेवावें, तसा हा प्रकार झाला.

व्याकरणाप्रमाणेंच अर्थांवरूनहि झगडे होतात. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा, असें म्हणणारा एक पक्ष प्रत्येक काळांत असतो. त्याचें ऐकावयाचें तर कोणालाहि ‘नाइस’ म्हणण्याची सोय उरणार नाहीं; कारण तो शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘अजाण’, आणि इंग्रजींत प्रथम तो ‘मूर्ख’ याच अर्थानें चालत होता. उलट ‘सिली’ म्हणजे आजचा ‘मूर्ख’, हा मूळचा ‘धन्य, सुखी’. आपल्याकडे तरी काय निराळें आहे? संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. मराठींत ती छडीच्या रूपानें पाठीवर बसते. ‘राजीनामा’ हा मुळांत संमतीचा लेख. आज तो देणारा मनुष्य बहुधा राजी नसतोच. अर्थ अशा रीतीनें सरकतात, आणि सरकलेल्या अर्थाला कोणी परत आणूं शकत नाहीं.

डॉक्टर जॉन्सनला तर स्वतःच्याच व्याख्येनें गांठलें. ‘पेन्शन’ या शब्दापुढें त्यानें आपल्या कोशांत असें टोंचून लिहिलें होतें कीं, देशद्रोह करण्यासाठीं सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पगार असा त्याचा अर्थ इंग्लंडांत समजतात. सात वर्षांनीं, १७६२ सालीं, राजानें त्यालाच सालीना तीनशें पौंडांचें पेन्शन देऊं केलें! आपली व्याख्या आपल्यालाच लागू पडते काय, असा प्रश्न त्यानें मित्रांना विचारला, आणि समाधान झाल्यावर पेन्शन घेतलें. विरोधकांनीं अर्थातच ही संधि सोडली नाहीं.

कोशकारानें निकाल द्यावा कीं नुसती नोंद करावी, हा वाद १९६१ सालीं अमेरिकेंत पुन्हां पेटला. त्या वर्षीं निघालेल्या ‘वेब्स्टर’च्या तिसऱ्या बृहत्कोशानें शिष्ट व अशिष्ट प्रयोगांवर पूर्वींसारखे शिक्के मारण्याचें बहुतांशीं सोडून दिलें, म्हणून मोठमोठ्या पत्रांनीं त्यावर झोड उठविली. रेक्स स्टाउट या कादंबरीकारानें तर १९६२ सालच्या ‘गॅम्बिट’ या कादंबरीच्या आरंभीं आपल्या गुप्तहेर नायकाला या कोशाचीं पानें एकेक करून शेगडींत टाकावयास लावलें. अपराध काय? ‘इंप्लाय’ म्हणजे बोलणाऱ्यानें सुचविणें आणि ‘इन्फर’ म्हणजे ऐकणाऱ्यानें अनुमान काढणें, हा भेद कोशानें राखला नाहीं! या रागांत मात्र कांहीं तथ्य आहे. येथें दोन वेगळ्या क्रियांचीं दोन वेगळीं नांवें आहेत. तीं एक झालीं तर भाषेच्या पेटींतलें एक हत्यार कमी होतें. इन्फिनिटिव्हच्या भांडणाहून हें भांडण या अर्थीं वेगळें आहे.

आणि जेथें खरोखरच अर्थ टांगणीला लागतो, तेथें लुटुपुटीची लढाई न्यायालयांत जाते. १८८३ च्या अमेरिकन जकात-कायद्याप्रमाणें परदेशांतून येणाऱ्या भाज्यांवर शेंकडा दहा जकात होती. ताजीं फळें मोकळीं होतीं. न्यूयॉर्कच्या एका व्यापारी कुटुंबाचें म्हणणें पडलें कीं, टोमॅटो हें वनस्पतिशास्त्राप्रमाणें फळ आहे, तेव्हां घेतलेली जकात परत करा. हा खटला १८९३ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वकिलांनीं न्यायासनापुढें कोश उघडून व्याख्या वाचल्या. एका बाजूनें वाटाणा, वांगें, काकडी काढली, तर दुसरीनें बटाटा, कोबी, गाजर पुढें केलें. न्यायमूर्ति ग्रे यांनीं निकाल दिला कीं, वनस्पतिशास्त्र कांहींहि म्हणो, लोकांच्या बोलण्यांत टोमॅटो ही भाजीच आहे. कारण ती मुख्य जेवणाबरोबर वाढतात, शेवटच्या गोड पदार्थाबरोबर नव्हे.

त्याहून महाग पडला तो एक न लिहिलेला स्वल्पविराम. अमेरिकेंतील मेन संस्थानाच्या कायद्यांत, जादा वेळेचा वाढीव पगार कोणत्या कामांना देण्याची सक्ति नाहीं, याची यादी होती: नाशवंत माल डबाबंद करणें, सुकविणें, सांठविणें इत्यादि. यादीच्या शेवटचे शब्द असे होते कीं, त्यांचा अर्थ ‘पाठवणीसाठीं किंवा वांटपासाठीं बांधणी करणें’ असा एकच होई, किंवा ‘पाठवणीसाठीं बांधणी करणें, आणि वांटप करणें’ अशीं दोन कामें होत. ‘किंवा’च्या अगोदर स्वल्पविराम असता तर संशय उरला नसता. एका दुग्धशाळेचे मोटारवाले म्हणाले, ‘आम्ही वांटप करतों, बांधणी करीत नाहीं, तेव्हां आमचा जादा पगार द्या.’ १३ मार्च २०१७ रोजीं अपील न्यायालयानें ठरविलें कीं, वाक्य संदिग्ध आहे, आणि अशा कायद्यांतील संदेहाचा फायदा कामगारांना मिळाला पाहिजे. पुढल्या वर्षीं पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. आणि विधिमंडळानें ती यादी अर्धविराम घालून नव्यानें लिहून काढली. व्याकरण हा रिकामपणाचा उद्योग आहे असें म्हणणाराला हें उदाहरण पुरेसें आहे.

मोटारवाल्यांचा हा विजय आपल्या परंपरेला अपरिचित वाटूं नये. दोन हजार वर्षांपूर्वीं पतंजलीनें महाभाष्यांत एका वैयाकरणाची आणि सारथ्याची गांठ घालून दिली आहे. वैयाकरणानें विचारलें, ‘या रथाचा प्रवेता कोण?’ सारथि म्हणाला, ‘मी याचा प्राजिता.’ वैयाकरणानें नाक मुरडलें: हें रूप अशुद्ध आहे. त्यावर सारथ्यानें शांतपणें सांगितलें कीं, महाराज, नियम कोठवर पोंचतो तें आपणांस कळतें, पण लोकांना काय इष्ट आहे तें कळत नाहीं. हेंच रूप चालतें. आणि पतंजलीनें, जो स्वतः वैयाकरणांचा मुकुटमणि, त्यानें सारथ्याची बाजू खोडून न काढतां ती तशीच नोंदून ठेविली.

तात्पर्य काय घ्यावयाचें? नियम फेंकून द्यावे असें नव्हे. कोणताहि नियम समोर आला म्हणजे तीन प्रश्न विचारावे. हा कोणीं व केव्हां केला? चांगल्या लेखकांनीं तो पाळला आहे काय? आणि तो मोडला तर ऐकणाराला अर्थ कळण्यांत कांहीं अडचण येते काय? यांतला तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. अडचण येत असेल, तर तो स्वल्पविराम असो कीं सर्वनाम असो, तेथें डोळ्यांत तेल घालून लिहावें. राजाचेंहि वाक्य तेथें कॉबेटच्या तावडींतून सुटत नाहीं. अडचण येत नसेल, तर तो शिष्टाचार समजावा. शिष्टाचार स्थळकाळ पाहून पाळावयाचा असतो; परीक्षकापुढें एक, मित्रमंडळींत एक. परंतु शिष्टाचार चुकला म्हणून कोणाचें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये, आणि चुकेल या भीतीनें स्वतःचें बोलणेंहि गिळूं नये. ज्या भाषेच्या घरच्या माणसांनीं साडेतीनशें वर्षें एकमेकांच्या चुका काढून करमणूक केली आणि तरीहि बोलणें थांबविलें नाहीं, त्या भाषेंत बोलतांना पाहुण्यानेंच तेवढें मुकें कां व्हावें?